आफ्रिकेतल्या आई-मुलांचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलायला लागलं की तेच ते प्रश्न पुढे येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी माझं म्हणणं एकच आहे. या बायका-मुलांना वाचवणारे बहुतेक उपाय माहीत आहेत आणि बरेचसे स्वस्तही आहेत. ते दारापर्यंत नेणारं माणूस जिथे नसतं तिथे सगळं अडतं. माणूस असलं, पण त्याला पगार, औषधं आणि पाठीशी चालू दवाखाना नसला, तरी अडतंच.

परिस्थिती खरंच इतकी वाईट आहे का?

आहे. २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणाशी संबंधित कारणांनी दगावल्या. त्यांतल्या सुमारे ७० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या होत्या. एकट्या नायजेरियात ७५ हजार. त्याच वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४८ लाख मुलं जगभरात गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त याच भागातली.

आपल्या ओळखीच्या आकड्याशी ताडून पाहू. महाराष्ट्रात २०१८–२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते. सहाराच्या दक्षिणेकडे हा आकडा आज साडेचारशेच्या आसपास आहे.

पण ‘आफ्रिका’ म्हणून एकच चित्र डोळ्यांसमोर आणू नका. तिथे ५४ देश आहेत. ज्या मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, तिथलं मातामृत्यूचं प्रमाण शंभराच्या आत आहे. चाड, दक्षिण सुदान, नायजेरिया इथे ते कित्येक पटींनी जास्त आहे. आणि वाईट असलेलं सगळं तसंच राहिलं आहे असंही नाही. २००० सालापासून सहाराच्या दक्षिणेकडचं मातामृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं आहे. ही घट कशाने झाली, हे समजून घेणं महत्त्वाचं.

बाळंतपणात बायका नेमक्या कशाने दगावतात?

अति रक्तस्राव, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, मूल अडणं, असुरक्षित गर्भपात. जोडीला मलेरिया, एचआयव्ही आणि रक्तक्षय. यांतल्या प्रत्येकावर इलाज आहे. मग बाई जाते कशी?

या क्षेत्रातले लोक तीन उशिरांचा हिशेब मांडतात. पहिला उशीर घरातला: दवाखान्यात न्यायचं की नाही हे ठरवण्यात वेळ जातो. बऱ्याच घरांत हा निर्णय बाईच्या हातात नसतो, नवरा किंवा सासू ठरवते, आणि खर्चाची भीती असतेच. दुसरा उशीर वाटेतला: रस्ता नाही, गाडी नाही, पावसाळ्यात नदी आडवी येते. तिसरा उशीर दवाखान्यातला: बाई पोचली, पण तिथे रक्त नाही, भूल देणारं कुणी नाही, वीज गेलेली. घरच्यांना समजावणाऱ्या मोहिमा पहिल्या उशिरावर चालतात, कारण त्या स्वस्त पडतात. तिसऱ्याला हात घालायचा तर पैसा आणि माणसं लागतात. म्हणून दवाखान्यात काहीच नसताना ‘दवाखान्यात चला’ म्हणत फिरणाऱ्या मोहिमांबद्दल मला फार शंका वाटते. एकदा पोचून निराश झालेलं गाव पुढच्या वेळी जात नाही.

वाटेतल्या उशिरावरचा एक उपाय इथिओपिया, झांबिया, झिम्बाब्वे या देशांत रुळला आहे. दिवस भरत आले की लांबच्या गावातली गरोदर बाई दवाखान्याजवळच्या निवासात येऊन राहते, तिथेच रांधते, खाते, आणि कळा सुरू झाल्या की चालत आत जाते. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत ‘माहेरघर’ योजना याच विचाराने चालते.

रक्तस्राव थांबवायला एवढं अवघड काय आहे?

अवघड आहे ते ओळखणं. आतापर्यंत बहुतेक ठिकाणी किती रक्त गेलं याचा अंदाज नजरेने घेतला जायचा. चादरीत मुरलेलं, फरशीवर सांडलेलं रक्त नजरेला नेहमी कमी वाटतं. लक्षात येईपर्यंत बाई पांढरीफटक पडलेली असते.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. साधन साधं होतं. मूल बाहेर आलं की बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकचं एक आवरण सरकवायचं. त्याचं खालचं टोक पिशवीसारखं लोंबतं आणि त्यावर मोजमापाच्या रेघा असतात. रक्त त्यात जमतं, नर्स दर थोड्या वेळाने रेघ पाहते. पातळी ५०० मिलिलिटरला टेकली की वाट पाहायची नाही. गर्भपिशवी चोळायची, ती आकसण्याचं औषध द्यायचं, रक्त गोठायला मदत करणारं ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड द्यायचं, सलाईन लावायचं आणि रक्त कुठून येतंय ते तपासायचं. पूर्वी हे सगळं एकामागून एक, आधीच्याने गुण येतो का ते पाहत व्हायचं. इथे सगळं एकदमच सुरू केलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, असं घडण्याचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

यातलं एकही औषध नवं नव्हतं. म्हणूनच हा निकाल वाचताना आनंदाबरोबर रागही येतो.

तिथे आपल्या आशाताईंसारखं कुणी असतं का?

असतं, आणि इथिओपियाने हे काम ज्या पद्धतीने उभारलं ते शिकण्यासारखं आहे.

२००३ मध्ये तिथल्या सरकारने आरोग्य विस्तार कार्यक्रम सुरू केला. देशातल्या सर्वांत लहान प्रशासकीय वस्तीला तिथे केबेले म्हणतात. साधारण पाच हजार लोकवस्तीच्या प्रत्येक ग्रामीण केबेलेला एक आरोग्य चौकी आणि तिथे दोन कार्यकर्त्या. जवळजवळ सगळ्या स्त्रिया, दहावीपर्यंत शिकलेल्या, शक्यतो त्याच भागातल्या आणि तिथली भाषा बोलणाऱ्या. वर्षभराचं प्रशिक्षण आणि मग सरकारी पगारावर नेमणूक. काही वर्षांत अशा तीस हजारांहून जास्त जणी गावोगाव कामाला लागल्या. शौचालय, लसीकरण, कुटुंब नियोजन, गरोदर बायकांची नोंद, मलेरियाची तपासणी ही त्यांची कामं. पुढे न्यूमोनिया झालेल्या मुलांना प्रतिजैविकं देण्याची मुभाही त्यांना मिळाली. या काळात बरीच वर्षं देशाचे आरोग्यमंत्री होते टेड्रोस अधानोम, जे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख झाले.

इथिओपियात २००० साली हजार जन्मांमागे १६६ मुलं पाचव्या वाढदिवसाआधी जात होती. २०१६ च्या पाहणीत ती संख्या ६७ झाली. याचं सगळं श्रेय एका कार्यक्रमाला देता येणार नाही. रस्ते झाले, शिक्षण वाढलं, अन्नाची स्थिती सुधारली. पण घरोघर जाणाऱ्या या बायकांशिवाय लस आणि औषधं त्या डोंगराळ वाड्यांत पोचली नसती, याबद्दल मला शंका नाही.

याची एक मर्यादाही सांगायला हवी. दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५ मध्ये ५ टक्के होतं, ते कार्यक्रम सुरू होऊन आठ वर्षं झाली तरी, २०११ मध्ये, जेमतेम १० टक्के होतं. घरी जाऊन हात धुवायला शिकवणारी कार्यकर्ती अडलेल्या बाईची सुटका करू शकत नाही. त्याला प्रशिक्षित सुईण, रुग्णवाहिका आणि शस्त्रक्रियेची सोय लागते. त्याकडे लक्ष दिल्यावर आकडा २०१९ पर्यंत ४८ टक्क्यांवर गेला. त्यानंतर २०२० च्या शेवटी सुरू झालेल्या युद्धात तिग्राय प्रांतातली बहुतेक आरोग्यकेंद्रं लुटली गेली किंवा मोडली.

आपल्या आशांशी तुलना करायचीच, तर मोठा फरक पगाराचा. आपल्या आशाताईंना पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो, आणि त्यासाठी त्यांना दर काही महिन्यांनी रस्त्यावर उतरावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात योग्य मेहनताना द्यावा आणि तो केवळ किंवा मुख्यतः कामगिरीवर बांधू नये. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही हे काम अजून ‘सेवा’ म्हणून फुकटात करून घेतलं जातं. गरीब बाईच्या फुकट श्रमावर दुसऱ्या गरीब बाईचं आरोग्य उभं करायचं, ही रीत मला पटत नाही.

या कामात महाराष्ट्राचा काही वाटा आहे का?

आहे, आणि तो आपल्याकडेच फारसा माहीत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर तो सुरू करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतलं नवजात मृत्यूंचं प्रमाण, शेजारच्या तुलनेच्या गावांचा विचार करता, ६२ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तोवर नवजात बाळ वाचवायचं तर रुग्णालयच हवं, असं धरून चाललं जाई. पुढे दक्षिण आशियात आणि घानासारख्या देशांत घरभेटींचे अभ्यास झाले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरभेटी द्याव्यात अशी संयुक्त शिफारस केली.

दुसरा वाटा पुण्याचा. तो पुढच्या प्रश्नात आहे.

मलेरियाची लस पुण्यात बनते, हे खरं का?

खरं आहे. मलेरियाने होणारे सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत होतात आणि त्यांतले तीन चतुर्थांश पाच वर्षांखालच्या मुलांचे असतात. पहिली लस आरटीएस,एस. ती २०१९ पासून मलावी, घाना आणि केनियात दिली जाऊ लागली. जिथे ती दिली गेली तिथे लसीच्या वयातल्या मुलांचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. दुसरी लस आर२१. ती ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तिचं उत्पादन होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टने ती नियमित लसीकरणात सर्वांत आधी आणली. किंमत डोसामागे चार डॉलरपेक्षा कमी.

खरी कसोटी चार डोसांची आहे. पहिला डोस साधारण पाचव्या महिन्यात आणि चौथा मूल चालायला-बोलायला लागल्यावर. तोवर आई पुन्हा शेतावर जात असते, मूल धडधाकट दिसतं, लसीचं कार्ड कुठेतरी हरवलेलं असतं. इथे पुन्हा दारावर येऊन आठवण करून देणारी ती बाईच लागते. आणि लस आली म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून, किमान महिनाभराच्या अंतराने, मलेरिया टाळणाऱ्या गोळ्यांचे निदान तीन डोस मिळायला हवेत. तेही अजून पुष्कळ जणींना मिळत नाहीत.

पुण्याचा याआधीचा पराक्रम तर याहून मोठा म्हणावा लागेल. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी दर काही वर्षांनी येत आणि मुलांना मारत किंवा बहिरं करून सोडत. मोठ्या कंपन्यांना या गरीब पट्ट्यासाठी लस बनवण्यात रस नव्हता. सीरमने ती डोसामागे पन्नास सेंटपेक्षाही कमी किमतीत बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना लस मिळाली आणि ‘ए’ प्रकारच्या जंतूमुळे येणारी साथ त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशी झाली.

मुलाचं कुपोषण गावात कसं ओळखतात आणि त्यावर इलाज काय?

कागदी फितीने. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची, फार आवळायची नाही, खिडकीतून दिसणारा रंग पाहायचा. हिरवा असला तर ठीक. पिवळा म्हणजे घेर साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या मध्ये. लाल म्हणजे साडेअकराच्या खाली, मूल तीव्र कुपोषित. मेळघाट-नंदुरबारच्या अंगणवाडीताई हीच फीत वापरतात. नायजर देशात ही फीत थेट आयांच्या हातात दिली गेली. त्या जवळजवळ कार्यकर्त्यांइतकंच अचूक मोजतात आणि मूल फार खंगण्याआधी दवाखान्यात आणतात, असं तिथे दिसून आलं. अक्षरओळख नसली तरी रंग कळतो.

इलाज म्हणजे ९२ ग्रॅमचं एक पाकीट. शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं. दाण्याच्या लाडवाचं मिश्रण तेलात सैल केल्यासारखी लगदी. एका पाकिटात ५०० कॅलरी. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये हे तयार झालं. यात पाणी नसतं, हीच त्याची खुबी आहे: गढूळ पाणी मिसळावं लागत नाही, जंतू वाढत नाहीत, चूल लागत नाही. दवाखान्यात आधी भुकेची परीक्षा होते. आई पाकिटाचा कोपरा फाडते, मूल मांडीवर घेते आणि नर्स बाजूला बसून पाहते. मुलाने लगदी चाटून खाल्ली तर पाकिटं घेऊन घरी जायचं आणि दर आठवड्याला दाखवायला यायचं. तोंड फिरवलं, ताप किंवा सूज जास्त असली, तर भरती.

पूर्वी प्रत्येक तीव्र कुपोषित मुलाला आठवडेच्या आठवडे भरती ठेवत. आई तिथे अडकायची, घरची बाकीची मुलं उघड्यावर पडायची, म्हणून बहुतेक आया येतच नसत. २००० मध्ये इथिओपियात घरीच उपचाराचा प्रयोग झाला आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तो मान्य केला. हे पाकीट औषध आहे, रोजच्या जेवणाची जागा ते घेऊ शकत नाही. दुष्काळात आणि युद्धात बरं होऊन घरी गेलेलं मूल पुन्हा लाल पट्टीत येतं, तेव्हा दोष पाकिटाचा नसतो.

आईला एचआयव्ही असेल तर बाळाला होतोच का?

नाही. काहीच उपचार न केल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. आईने नियमित औषध घेतलं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. बोत्सवानाने १९९९ मध्ये हे उपचार सुरू केले आणि आईकडून बाळाला होणारी लागण इतकी खाली आणली, की २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची अधिकृत दखल घेतली. मलावीकडे इतका पैसा नव्हता. औषध कधी सुरू करायचं हे तेव्हा रक्तातल्या पेशी मोजून ठरे, आणि ती यंत्रंही तिथे पुरेशी नव्हती. म्हणून २०११ मध्ये त्यांनी नियम सोपा केला: गरोदर बाईला एचआयव्ही आढळला की मोजमापाची वाट न पाहता जन्मभरासाठी औषध. पुढे जगाने हाच नियम उचलला.

फिस्टुला म्हणजे काय?

मूल अडलं आणि त्याचं डोकं ओटीपोटाच्या हाडांत दोन-दोन, तीन-तीन दिवस दाबून राहिलं, की मधल्या नाजूक भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो आणि भोक पडतं. मूल बहुधा मेलेलं जन्मतं. बाईची लघवी, कधी शौचही, सतत गळत राहते. वासामुळे नवरा टाकतो, शेजारीपाजारी टाळतात. शरीर पुरतं वाढण्याआधी लग्न लावून दिलेल्या मुलींना हा धोका अधिक असतो.

कॅथरीन हॅमलिन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये इथिओपियात गेलं आणि १९७४ मध्ये त्यांनी अदिस अबाबात फक्त या आजारासाठी रुग्णालय उभारलं. हजारो बायका तिथून कोरड्या होऊन घरी गेल्या. मामितू गाशे ही तिथे रुग्ण म्हणून आलेली खेड्यातली मुलगी. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई शस्त्रक्रिया पाहत, हात लावत शिकली, निष्णात झाली आणि पुढे शिकलेल्या डॉक्टरांना तिने धडे दिले. २००७ मध्ये त्याच संस्थेने सुईणींचं महाविद्यालय काढलं, कारण भोक शिवण्यापेक्षा ते पडू न देणं बरं.

मुलींचं जननेंद्रिय कापण्याची प्रथा कायद्याने थांबते का?

एकट्या कायद्याने नाही, पण कायदा हवाच. गांबियाने २०१५ मध्ये बंदी आणली. ती उठवण्याचा प्रस्ताव संसदेत आला, तेव्हा तिथल्या बायका ठाम उभ्या राहिल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो फेटाळला गेला. सेनेगलमध्ये १९९७ पासून गावंच्या गावं जाहीर शपथ घेऊन ही प्रथा सोडत आली आहेत. एकटं कुटुंब सोडू धजत नाही, कारण मुलीचं लग्न जमणार नाही अशी धास्ती असते. ज्या गावांशी सोयरीक होते ती सगळी एकत्र आली की धास्ती उरत नाही.

मदतीचा पैसा मधल्यामध्ये खाल्ला जातो, मग द्यायचा कशाला?

काही पैसा खाल्ला जातो. तो आपल्याकडेही जातो, म्हणून आपण लसीकरण बंद करत नाही. मला जास्त चिंता परावलंबनाची वाटते. २००१ मध्ये अबुजा इथे आफ्रिकी देशांनी सरकारी खर्चाचा १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचं वचन दिलं. बहुतेकांनी ते पाळलेलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा अनेक देशांत एचआयव्हीचे दवाखाने आणि समुपदेशक एका फटक्यात बंद पडले. ज्या बाईची गोळी चुकली तिला या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. मदत हवी, पण पगार आणि नेहमीची औषधं देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात यायला हवीत.

मला काही करायचं असेल तर?

डॉक्टर, नर्स, औषधनिर्माते यांनी, आणि पाणीपुरवठा किंवा भांडार सांभाळण्याचा अनुभव असलेल्यांनीही, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या संघटनांकडे अर्ज करावा, भारतातून त्यांची भरती होते. पैसे द्यायचे असतील तर आधी विचारा की यातून स्थानिक माणसांचे पगार निघतात का आणि प्रकल्प संपल्यावर काम कोण चालवणार. दानावरची प्राप्तिकराची सवलत भारतातल्या नोंदणीकृत संस्थांनाच लागू आहे, हे लक्षात ठेवा. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी घरकाम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा द्यावी आणि तिच्या तपासणीचे दिवस मोकळे ठेवावेत. एवढ्यानेही एका घरापुरता पहिला उशीर कमी होतो.

जुने कपडे, दुधाचे डबे, घरातली उरलेली औषधं पाठवली तर चालतील का?

दुधाचे डबे मुळीच पाठवू नका. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर पाजली की बाळाला जुलाब लागतात, आणि आईचं दूध आटतं ते वेगळंच. उरलेली औषधंही नकोत: दान म्हणून पोचणाऱ्या औषधांची मुदत साधारण किमान वर्षभर शिल्लक असावी, त्यांवरची माहिती तिथल्या लोकांना वाचता यावी आणि ती तिथल्या सरकारी यादीतली असावीत, असा संकेत आहे. कपड्यांच्या वाहतुकीवर जो खर्च होईल, तेवढी रक्कम द्या.